मशीन घ्यायचं की काम बाहेर द्यायचं? कंपनीतला मोठा निर्णय कोणत्या क्रमाने घ्यायचा

कंपनीत मोठ्या खर्चाचा विषय निघाला की पहिला फोन मशीनवाल्याला जातो. दोन दिवसांत कोटेशन येतं, आठवड्यात त्यांचा सेल्स इंजिनिअर गुळगुळीत कॅटलॉग घेऊन हजर होतो आणि पंधराव्या दिवशी मीटिंग लागते: "मग, घ्यायचं ना?" घोळ या क्रमातच आहे. कोटेशन टेबलावर आलं की बोलणं किमतीवर येतं. मशीन मुळात लागतं का, हे विचारायची वेळ तोवर गेलेली असते, आणि विचारणारा माणूस खोडा घालणारा ठरतो.

हे टिपण प्लॅन्ट हेड, प्रॉडक्शन मॅनेजर आणि परचेसवाल्यांसाठी आहे. ज्यांच्याकडे ही तिन्ही खाती एकट्याच्या गळ्यात आहेत, त्यांच्यासाठी तर नक्कीच. उदाहरण एकच घेतो आणि शेवटपर्यंत तेच चालवतो. कास्टिंगचा, म्हणजे धातू ओतून बनवलेला, एक हाउसिंग पार्ट आहे. गिऱ्हाइकाचं शेड्युल महिन्याला ३,००० नगांचं. मशिनिंग, म्हणजे तो कापून-कोरून मापात आणणं, सध्या बाहेर जॉबवर्कला (माल आपला, काम दुसऱ्याच्या मशीनवर), दर नगाला ६२ रुपये. माल अधूनमधून उशिरा येतो. शेठ म्हणतात, "कटकटच नको, आपलंच व्हीएमसी घेऊन टाकू." व्हीएमसी म्हणजे हेच मशिनिंग प्रोग्रॅमवर करणारं मशीन. आकडे समजावण्यापुरते आहेत, त्या जागी तुमचे घाला. माणूस नेमायचा असो, सॉफ्टवेअर बदलायचं असो की दुसरी शेड भाड्याने घ्यायची असो, क्रम हाच राहतो.

## तयारी: बसण्याआधी हाताशी काय हवं

- एक ए-फोर कागद. निर्णयाचं टिपण एका बाजूवर मावलं पाहिजे. मावत नसेल तर विषय अजून आपल्यालाच नीट कळलेला नाही.
- गेल्या बारा महिन्यांचं गिऱ्हाइकाचं शेड्युल, आणि शेजारी प्रत्यक्ष उचल, म्हणजे त्यांनी खरोखर नेलेला माल. दोन्ही आकडे हवेत. नुसतं शेड्युल घेऊन बसणाऱ्यांचंच पुढे चुकतं.
- जॉबवर्कची चलनं, बिलं, रिजेक्शनच्या नोंदी. गेटच्या रजिस्टरमधल्या तारखा खऱ्या धराव्यात, मेलमधल्या नाहीत.
- स्टॉपवॉच. मोबाइलमधलं चालतं.
- एक विरोधक. या खरेदीत ज्याचा काही फायदा नाही आणि जो तोंडावर बोलतो, असा माणूस. बहुतेक ठिकाणी तो अकाउंट्समध्ये किंवा क्वालिटीत सापडतो.

कोटेशन या यादीत नाही. ते पाचव्या टप्प्यापर्यंत मागवायचंच नाही.

## टप्पा १: प्रश्न लिहून काढा

"व्हीएमसी घ्यायचं का?" हा प्रश्नच नव्हे. ते प्रश्नाचा मुखवटा घातलेलं उत्तर आहे. नेमकं दुखतंय कुठे, ते आधी लिहा. आपल्या उदाहरणात दुखणं आहे उशिराचं. मग उशीर किती वेळा झाला?

बारा महिन्यांची चलनं काढली. महिन्याला चार लॉट या हिशोबाने अठ्ठेचाळीस लॉट निघाले, त्यातले नऊ उशिरा आलेले. आता त्या नऊ चलनांवरची आपलं कास्टिंग बाहेर गेल्याची तारीख बघा. पाच वेळा फाउंड्रीकडूनच, म्हणजे कास्टिंग ओतणाऱ्याकडूनच, माल उशिरा आला होता, म्हणजे जॉबवर्कवाल्याला तो मुळात उशिराच मिळाला. स्वतःचं मशीन असतं तर त्या पाच वेळा ते हात बांधून उभं राहिलं असतं, वर त्याचा हप्ता चालू. जॉबवर्कवाल्याच्या पदरात खरा उशीर येतो तो चारच वेळा.

अशा वेळी चर्चेचा रोख बदलतो, आणि तो पहिल्याच दिवशी बदललेला बरा. नीट लिहिलेला प्रश्न असा होईल: "पुढची तीन वर्षं या पार्टचे महिन्याला ३,००० नग, रिजेक्शन एक टक्क्याच्या आत ठेवून, ठरल्या दिवशी कसे मिळतील?"

पडताळा: प्रश्नात एखाद्या वस्तूचं, कंपनीचं किंवा माणसाचं नाव आलं असेल तर कागद फाडा आणि पुन्हा लिहा.

## टप्पा २: निर्णय कुणाचा आणि केव्हापर्यंत

कागदावर एकच नाव लिहा. "मॅनेजमेंट ठरवेल" असं लिहिलंत तर कुणीच ठरवत नाही. बिघडलं की प्रत्येक जण म्हणतो, मी तर तेव्हाच बोललो होतो. नावाखाली आणखी दोन ओळी: कुणाचं मत घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि कुणाला फक्त कळवायचं. घरच्या कंपनीत हे लिहायला अवघड वाटतं. थोरले शेठ चेकवर सही करतात, धाकटे फॅक्टरी बघतात, आणि दोघंही "तू बघ" म्हणतात. तरीही लिहा. तिथेच तर ते लागतं.

मग तारीख. तारखेचे दोन सापळे आपल्याकडे ठरलेले आहेत. पहिला दसऱ्याचा. खंडेनवमीला मशीनला हार घालायचा म्हणून दीड महिना आधी ऑर्डर टाकलेली मी पाहिली आहे; पूजा झाली, जागेवर वीज मात्र दिवाळीनंतर आली. दुसरा सापळा घसाऱ्याचा. मशीन घेतलं त्या आर्थिक वर्षात ते १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर आयकरात त्या वर्षी घसारा (मशीनच्या झिजेपोटी मिळणारी वजावट) निम्माच मिळतो, म्हणून ऑक्टोबर उजाडायच्या आत मशीन चालू करायची धावपळ उडते. पण राहिलेला घसारा बुडत नाही, पुढच्या वर्षांत मिळतोच. चुकीचं मशीन मात्र पाच वर्षं हप्ता मागत राहतं.

निर्णय मागे घेता येतो का, हेही इथेच ठरवा. जॉबवर्कचा दुसरा माणूस तीन महिने करून बघता येतो, नाही जमलं तर थांबवता येतं. असा निर्णय दोन दिवसांत घ्यावा, त्यासाठी समिती बसवू नये. कर्ज काढून घेतलेलं मशीन परत जात नाही. विकायला काढलं की भाव पडतो. पुढचे सगळे टप्पे या दुसऱ्या जातीच्या निर्णयांसाठी आहेत. कंपन्यांमध्ये हे नेमकं उलटं चालतं: टी-शर्टच्या रंगावर तीन मीटिंगा, आणि छत्तीस लाखांवर जेवणाच्या सुट्टीत मान डोलावून संमती.

## टप्पा ३: निकष आधी, कोटेशन नंतर

हर्बर्ट सायमन यांना १९७८ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते संस्थांमधले निर्णय कसे होतात याच्या अभ्यासासाठी. त्यांचं म्हणणं आपल्या कामाचं आहे: माणसाकडे वेळ, माहिती आणि डोकं मर्यादित असतं, म्हणून मॅनेजर सर्वांत चांगला पर्याय शोधत बसत नाही. "पुरेसा बरा" पर्याय दिसला की तो शोध थांबवतो. हे आपण सगळेच करतो, त्यात लाज नाही. गोची एवढीच की "पुरेसं बरं" म्हणजे किती, हे आधी लिहिलेलं नसलं की समोर आलेली पहिली चकचकीत गोष्ट पुरेशी बरी वाटायला लागते.

म्हणून निकषांचे दोन गट करा. पहिला गट अटींचा. यातली एक जरी चुकली तरी पर्याय बाद.

- बोअरचा (पार्टमधल्या गोल भोकाचा) टॉलरन्स, म्हणजे मापातला चालणारा फरक, २० मायक्रॉनच्या आत.
- महिन्याला ३,३०० नगांची ताकद, म्हणजे शेड्युलवर दहा टक्के मोकळीक.
- खेळत्या भांडवलाला हात न लावता पैसे उभे राहिले पाहिजेत.

दुसरा गट "असेल तर बरं" गोष्टींचा. जागा कमी लागणं, पुढे दुसरा पार्ट त्यावर बसणं, सर्व्हिस इंजिनिअर जवळच्या शहरात असणं. हवं तर यांना गुण द्या. पण गुणांचा भार कागदावर तारीख घालून, सही करून गोठवा. बेरीज मनासारखी येईना म्हणून "जागा" दहावरून पाचावर आणणं हा मॅनेजरांचा जुना खेळ आहे, आणि तो मीही खेळलो आहे.

## टप्पा ४: पर्याय किमान चार लिहा

"घ्यायचं की नाही" ही निवड नसते, तो कौल असतो. गुरवाकडे जाऊनही लागेल. आपल्या प्रश्नाला मी तरी इतके पर्याय लिहीन:

१. काहीच बदलायचं नाही.
२. आहे त्याच जॉबवर्कवाल्याशी दर आणि उशिराच्या दंडाचं नव्याने बोलायचं.
३. दुसरा जॉबवर्कवाला उभा करून थोडा माल तिकडे वळवायचा.
४. आपल्या आहे त्या मशीनवर तिसरी शिफ्ट काढायची.
५. जुनं मशीन घ्यायचं.
६. नवीन व्हीएमसी.

"काहीच बदलायचं नाही" हा पर्याय खोडू नका. बाकीचे सगळे त्याच्याशीच ताडायचे असतात. त्याचा तोटा रुपयांत मांडता येत नसेल, तर कदाचित दुखणं वाटतं तेवढं मोठं नाही.

सावधान: शेठना आवडलेल्या पर्यायाच्या बाजूला मुद्दाम दोन कच्चे पर्याय उभे करून "बघा, सगळे तपासले" म्हणणं सर्रास चालतं. प्रत्येक पर्याय असा लिहा की त्याच्या बाजूच्या माणसाने वाचून म्हणावं, हो, मला हेच म्हणायचं होतं.

## टप्पा ५: आता कोटेशन मागवा, आणि फ्लोअरवर जा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका कंपनीत असाच हिशोब मी केबिनमध्ये बसून केला होता. कोटेशनमध्ये सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, छान मोठ्या अक्षरात छापलेला होता, त्यावरून मी तासाला चौदा नग धरले. मशीन आलं, नारळ फुटला, आणि पहिल्या महिन्यात तासाला नऊच्या वर गाडी जाईना. प्रोग्रॅम बघितला, फीड वाढवून बघितलं, सप्लायरचा माणूस दोनदा येऊन गेला. शेवटी मशीनजवळच उभा राहिलो. ऑपरेटर जुने, सगळे त्यांना मामा म्हणायचे. दार उघडलं, नग काढला, एअर गनने फिक्स्चरला (नग पकडून ठेवणाऱ्या चौकटीला) हवा मारली, मग बोट फिरवून लोकेटिंग पिनजवळ चिप, म्हणजे धातूचा कीस, राहिली नाही ना ते चाचपलं, पुन्हा हवा मारली, नवा नग बसवला, क्लॅम्प आवळले, दार बंद. मी स्टॉपवॉच बघत होतो. मामा म्हणाले, "साहेब, एक चिप राहिली तर बोअर वाकडा जातो. तुमच्या त्या कागदात हवा मारायचा वेळ धरलाय का?"

धरला नव्हता.

तेव्हापासून मी असा हिशोब करतो. आपल्या पार्टचं कटिंग ५ मिनिटं, काढणं-बसवणं-हवा मारणं १ मिनिट, म्हणजे नगाला ६ मिनिटं, तासाला १० नग. आठ तासांच्या शिफ्टमध्ये चहा, जेवण, टूल बदलणं, पहिला नग तपासून घेणं, वीज जाणं हे सगळं वगळून साडेसहा तास धरले तरी खूप झाले. दोन शिफ्टचे १३ तास, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ३२५ तास आणि ३,२५० नग.

निकषात काय लिहिलं होतं? ३,३००. म्हणजे दोन शिफ्टमध्ये हे मशीन काठावर नापास होतं! इथे हळूच निकष ३,२०० करायचा मोह होतो. करू नका. महिन्याला ५० नग कमी पडतात, म्हणजे पाच तासांचा ओव्हरटाइम, दुप्पट दराने. खर्च किरकोळ आहे, तो खर्चाच्या बाजूला लिहून मोकळे व्हा. निकष ढिला केला तर पुढच्या वेळी तुमचे निकष कुणी मनावर घेणार नाही.

फ्लोअरवरून आणखी तीन गोष्टी आणा. पहिली, मशीन नेमकं कुठे बसणार. टेप घेऊन मोजा, दार उघडल्यावर आणि चिप ट्रे बाहेर ओढल्यावर लागणारी जागाही धरा. दुसरी, विजेचा मंजूर भार. वाढवावा लागणार असेल तर महावितरणकडचा अर्ज, लागणारे दिवस आणि खर्च. तिसरी, प्रोग्रॅम कोण करणार. "आपला तो सेटर (मशीन जुळवून देणारा) करेल" हे उत्तर असेल, तर सेटरला विचारून आलात का?

जॉबवर्कवाल्याकडेही जाऊन या. फोनवर तो "होईल साहेब" म्हणतो. तिथे गेल्यावर दिसतं की त्याच्या एकाच मशीनवर चार गिऱ्हाइकांचा माल आहे आणि आपल्या ट्रॉल्या दारामागे आहेत.

## टप्पा ६: हिशोब, आणि तो कुठे फसतो

आधी बदलणारे खर्च वेगळे काढा. निर्णय कोणताही घेतला तरी जे पैसे जाणारच आहेत, ते दोन्ही बाजूंनी पुसून टाका.

बाहेरचं काम, ३,००० नग:
- जॉबवर्क ६२ रुपयांनी: १,८६,०००
- टेम्पो: १२,०००
- एकूण महिना: १,९८,००० रुपये

घरचं काम, ३,००० नग:
- दोन ऑपरेटर, पीएफ-ईएसआय-बोनस धरून: ४४,०००
- वीज, नगाला ८ रुपये: २४,०००
- इन्सर्ट (टूलची बदलायची पाती), कूलंट, ऑइल, नगाला ९ रुपये: २७,०००
- देखभाल: ८,०००
- सेटर आणि तपासणीचा वाढीव वेळ: १०,०००
- एकूण महिना: १,१३,००० रुपये

वाचले ८५,०००. बहुतेक प्रेझेंटेशनं या आकड्यावर येऊन थांबतात आणि टाळ्या पडतात. आता मशीन ३२ लाख आणि फिक्स्चर-टूलिंग ४ लाख, मिळून ३६ लाख. पंचाहत्तर टक्के, म्हणजे २७ लाख कर्ज, पाच वर्षं, दहा टक्के व्याज धरलं तर हप्ता साधारण ५७,४०० रुपये. हातात उरले २७,६००. तेही पदरचे ९ लाख घातल्यावर.

इथून पुढे मशीनच्या बाजूचा नव्हे, नगांचा आकडा हलवून बघा. जॉबवर्कचे पैसे नगाप्रमाणे जातात. ऑपरेटर, देखभाल, सेटर आणि हप्ता (बाहेर दिलं तर टेम्पो) नग असोत-नसोत जातातच. वरच्या आकड्यांवरून हप्ता भागायला महिन्याला जवळजवळ २,४०० नग लागतात. २,००० वर उतरलात तर दर महिन्याला १७ हजारांच्या वर खिशातून.

आता तयारीतला तो दुसरा आकडा काढा: प्रत्यक्ष उचल. शेड्युल ३,००० चं, पण बारा महिन्यांत सरासरी उचल निघाली २,५००, आणि चार महिने तर २,४०० च्या खाली. २,५०० वर मशीनचा फायदा महिन्याला पाच हजारांच्या आसपास येतो. आता दुसरा पर्याय शेजारी ठेवा. वर्षाची ऑर्डर देतो म्हटल्यावर जॉबवर्कवाला ५८ ला तयार झाला, तर एक पैसा न गुंतवता महिन्याला १०,००० वाचतात, आणि त्या दराशी ताडलं तर मशीन २,५०० नगांवर तोट्यात जातं.

या टप्प्यावर होणाऱ्या चुका मी नेहमी त्याच बघतो:

"ऑपरेटर आपल्याकडे आहेच." आहे, पण तो आज काहीतरी करतो ना? ते काम कोण करणार, त्याचे पैसे लिहा.

फॅक्टरीचं भाडं नव्या मशीनवर टाकणं. अकाउंट्सवाले मशीन अवर रेट, म्हणजे मशीनचा तासाचा खर्च, काढताना शेडचं भाडं वाटून लावतात. त्यांच्या कामासाठी ते बरोबर आहे. पण मशीन घेतलं म्हणून भाडं वाढणार नसेल तर या तुलनेत ते येत नाही.

"तीन लाख आधीच घातलेत." जॉबवर्कवाल्याकडचं फिक्स्चर आपल्या पैशांचं असेल. ते पैसे गेले. आज ते फिक्स्चर कामाला येतं का, एवढंच बघायचं.

जीएसटी विसरणं. ३६ लाखांवर १८ टक्के म्हणजे ६ लाख ४८ हजार. क्रेडिट मिळतं हे खरं, पण पैसे आधी जातात आणि क्रेडिट हळूहळू वळतं होतं. तोवर ते कुठून आणायचे?

उधारीवर उभा असलेला हिशोब. "जॉबवर्कवाल्याला आपण नव्वद दिवसांनी देतो, त्यामुळे तेच परवडतं," असं काही जण मोठ्या आवाजात सांगतात. तो सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. हिशोब ४५ दिवसांवर करा.

पडताळा: ज्या एका आकड्यावर सगळं उलटंपालटं होतं तो शोधा आणि त्याभोवती लाल पेनने गोल करा. इथे तो आहे महिन्याची उचल.

## टप्पा ७: मीटिंग

टिपण दोन दिवस आधी द्या. तरी निम्मे जण न वाचता येतात, म्हणून पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून वाचायचं. विचित्र वाटतं, पण चालतं.

मग बोलायचा क्रम. सर्वांत कनिष्ठ माणूस पहिला, निर्णय घेणारा सर्वांत शेवटी. शेठ सुरुवातीलाच "मला तर बुवा घ्यावंसं वाटतं" म्हणाले की मीटिंग संपली. त्यानंतर येतात त्या हो ला हो च्या चाली. मामांसारख्या माणसाला बोलवायचं असेल तर त्यांचं म्हणणं आदल्या दिवशी मशीनजवळच ऐकून लिहून आणा. एसी केबिनमध्ये खुर्चीच्या टोकावर बसून ते म्हणणार, "तुम्ही म्हणाल तसं."

आक्षेप घेणाऱ्यावर पुराव्याचं ओझं टाकू नका. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाचे बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे इंजिनिअर सांगत होते की एवढ्या थंडीत ओ-रिंग (बूस्टरच्या सांध्यातल्या रबरी कड्या) दगा देतील, उड्डाण करू नका. धोका आहे हे पक्कं सिद्ध करा, असा दबाव त्यांच्यावर आला. मधल्या चर्चेत तिथल्या एका वरिष्ठाने इंजिनिअरिंग विभागाच्या प्रमुखाला इंजिनिअरची टोपी काढून मॅनेजरची टोपी घालायला सांगितलं, आणि कंपनीचा सल्ला फिरला. दुसऱ्या दिवशी यान ७३ सेकंदांत तुटलं, सात जण गेले. आपल्याकडे पणाला जीव नसतील, हप्ते असतील; पण प्रश्नाची दिशा तीच ठेवायची. खर्च करू पाहणाऱ्याने दाखवायचं की हे चालेल. अडवणाऱ्याने नव्हे की चालणार नाही.

उठण्याआधी पंधरा मिनिटांचा एक उद्योग करा. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाची ही पद्धत. सगळ्यांना सांगा: "पुढचा दसरा आलाय. निर्णय साफ फसलाय. मशीनवर हार आहे, पण मशीन बंद आहे. का फसला, ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहा." बोलून नाही, लिहूनच. "फसेल का?" विचारलं तर माणसं शिष्टाचार पाळतात, "फसलाय, का?" म्हटलं की हात चालायला लागतो. एकदा अशाच चिठ्ठीत निघालं होतं: "गिऱ्हाइक हा पार्ट दोन वर्षांत बंद करणार, त्यांच्या डिझाइनवाल्याने मला सांगितलंय." लिहिणारा क्वालिटीतला ज्युनिअर मुलगा. त्याला तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

## टप्पा ८: निर्णय लिहा

मीटिंगचे मिनिट्स म्हणजे निर्णय नव्हे. कोण काय बोललं ते कुणी परत वाचत नाही. आपल्या उदाहरणातला निर्णय असा लिहिता येईल:

"नवीन व्हीएमसी सध्या घ्यायचं नाही. चालू जॉबवर्कवाल्याशी ५८ रुपये दराने वर्षाचा लेखी करार, उशिराच्या लॉटला दंड, आणि आपलं कास्टिंग वेळेत पोचलं नाही तर दंड माफ. बिल ४५ दिवसांच्या आत. दुसऱ्या जॉबवर्कवाल्याकडे २०० नगांची ट्रायल. फाउंड्रीच्या उशिराचा पाठपुरावा परचेसकडे. आधार: सरासरी उचल २,५०० नग. प्रत्यक्ष उचल सलग तीन महिने ३,००० च्या वर गेली तर विषय पुन्हा काढायचा. तपासणीची तारीख: सहा महिन्यांनी, महिन्याचा पहिला सोमवार. विरोधी मत: प्रॉडक्शन. कारण: बाहेरच्या मालाच्या क्वालिटीवर आपला ताबा नाही."

विरोधी मत गाळू नका. नाव-कारणासह लिहिलं गेलं की तो माणूस बाहेर जाऊन कुरकुरत नाही, आणि पुढे त्याचं खरं ठरलं तर कुठे चुकलं ते सापडतं.

## टप्पा ९: सांगा, त्याच आठवड्यात

प्रॉडक्शनला मीटिंगनंतर लगेच, समोरासमोर. त्यांनी नव्या मशीनची जागा मनात रंगवून ठेवलेली असते. जॉबवर्कवाल्याला करार हातात घेऊन. मशीनवाल्यालाही फोन करा. "कळवतो" म्हणून त्याला सहा महिने लटकत ठेवणं बरं नव्हे, आणि लटकलेला सेल्स इंजिनिअर थेट शेठना गाठतो.

## टप्पा १०: ठरल्या सोमवारी कागद उघडा

निर्णय कसा घेतला आणि निकाल काय लागला, हे वेगवेगळं तपासा. उचल अचानक ३,५०० वर गेली आणि मशीन नाही म्हणून धावपळ झाली, तर "तेव्हाच घ्यायला हवं होतं" म्हणणारे दहा जण निघतील. त्यांना कागद दाखवा. त्या दिवशी हातात असलेल्या माहितीवर निर्णय बरोबर होता का, एवढंच बघा. मात्र ती माहिती तेव्हा मिळण्यासारखी होती आणि आपणच विचारलं नाही, असं निघालं तर ती आपली चूक. पाचव्या टप्प्याखाली लिहून ठेवा. ३,५०० नग दोन शिफ्टमध्ये त्या एका मशीनवर बसलेच नसते, हेही तिथेच दिसेल.

आकडा खरंच वर सरकला असेल तर जुनं कोटेशन उपयोगाचं नाही, नवं मागवा. सेल्स इंजिनिअर नवा कॅटलॉग घेऊन येईल, सायकल टाइमच्या पानावर बोट ठेवेल. त्याला चहा द्या आणि विचारा, यात हवा मारायचा वेळ धरलाय का?